ब्रशलेस मोटर आणि ईएससीची जोडी कशी जमवावी: बेळगाव भागातल्या नवख्या आरसीवाल्यांसाठी

आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीतली मूळची ब्रशवाली मोटर झिजली की पुढचा विचार ब्रशलेसचा येतो, आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: किती केव्हीची घेऊ? (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर किती फेरे फिरते तो आकडा.) माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी गाडीचं माप आणि वजन, मग बॅटरी किती सेलची, मग ईएससी, म्हणजे मोटरला वीज देणारा आणि तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, आणि मग केव्ही. या सगळ्यांवर शेवटचा हात गिअरचा. हा क्रम चुकला तर मोटर आणि ईएससी दोन्ही चांगल्या कंपनीचे असूनही तापतात, आणि साठवलेले पैसे पहिल्याच संध्याकाळी जळक्या वासात जातात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बहुतेकांना हे सामान पुण्या-मुंबईहून किंवा बेंगळुरूहून मागवावं लागतं. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला विमान वाहतुकीत निर्बंध असतात, त्यामुळे ती रस्त्याने, सावकाश येते. चुकीचं सामान परत पाठवणं म्हणजे आणखी दोन आठवडे गाडी कपाटात. म्हणून पैसे भरण्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसा. गणित सातवीच्या पलीकडचं नाही.

आतमध्ये काय चाललंय

ब्रशलेस मोटर समजून घ्यायला आपल्याकडे एक सोय आहे. विहिरीवर थ्री फेजचा पंप असलेल्या घरात वाढलेल्याला दोन गोष्टी पक्क्या माहीत असतात: तीनपैकी दोन फेज अदलाबदल केले की पंप उलटा फिरतो, आणि एक फेज गेला की मोटर नुसती घुमते आणि तशीच चालू ठेवली तर जळते. आरसीतली ब्रशलेस मोटर याच जातीची. तिलाही तीन तारा, आणि हे दोन्ही नियम तिलाही लागू (तारा बदलण्याला सेन्सरवाल्या मोटरीचा अपवाद आहे, तो पुढे येईल). फरक असा की हिच्या फिरत्या भागावर पक्के चुंबक बसवलेले असतात, आणि तीन फेजची वीज खांबावरून येत नाही. ती बॅटरीच्या डीसीतून ईएससी बनवतो. ईएससीमधले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन तिन्ही तारांना आळीपाळीने वीज देतात आणि चुंबक त्यामागे फिरत राहतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. ईएससीवर ६० अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे तो मोटरला ६० अँपिअर ढकलतो असं नाही. किती करंट ओढायचा हे ठरतं मोटरवर पडलेल्या भारावरून: गाडी किती जड, गिअर किती उंच (म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात चाक किती फिरतं), चाक किती मोठं, जमीन कशी. ६० चा आकडा म्हणजे तो ईएससी न जळता किती सोसू शकतो त्याची मर्यादा. म्हणून छोट्या मोटरला १२० अँपिअरचा ईएससी लावला तर मोटर जळेल ही भीती खोटी आहे. उलटं मात्र खरं: मोठी मोटर, जड गाडी आणि ४५ अँपिअरचा ईएससी लावला तर ईएससी जाणार. जोडी जमवायची म्हणजे भाराचा अंदाज घेऊन, तो भार आरामात सोसेल असा ईएससी निवडायचा.

माप आणि वजन

गाडी किचनमधल्या काट्यावर बॅटरीसकट ठेवा. मग मूळ मोटरचा व्यास, लांबी आणि शाफ्टची जाडी मोजा. व्हर्निअर नसेल तर उद्यमबागेत काम करणारा कोणीतरी ओळखीत निघतोच, बेळगावात व्हर्निअरची कमतरता नाही.

१/१०, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाच्या गाड्यांत बहुधा ५४० मापाची मोटर बसते: व्यास ३६ मिलिमीटर, लांबी ५० च्या आसपास, शाफ्ट ३.१७ मिलिमीटर. ब्रशलेस मोटरवर ३६५०, ३६६०, ४०७४ असे आकडे दिसतील. पहिले दोन व्यासाचे, पुढचे दोन लांबीचे. म्हणजे ३६५० ही मूळ मोटरच्या जागी जाते, ३६६० एक सेंटिमीटर लांब असते आणि मागे चासीला किंवा बॅटरीच्या कप्प्याला अडू शकते. ते आधी मोजून घ्या. १/८ बग्गीला ४० ते ४२ मिलिमीटर व्यासाच्या, ५ मिलिमीटर शाफ्टच्या मोटरी लागतात. १/१६ आणि १/१८ च्या चिमुकल्या गाड्यांना २८ मिलिमीटर व्यासाच्या.

लांब मोटर म्हणजे जास्त तांबं, जास्त लोखंड, जास्त चुंबक. एकाच केव्हीच्या दोन मोटरींपैकी लांब मोटर तेवढ्याच भारावर कमी तापते. अडीच किलोच्या वरच्या चारचाकी-ड्राइव्ह ट्रकला ३६५० घालून वाचवलेले पैसे पुढे दोनदा खर्च होतात.

बॅटरी

लायपोचा एक सेल म्हणजे ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. २एस म्हणजे ७.४ व्होल्ट, ३एस म्हणजे ११.१, ४एस म्हणजे १४.८. सुरुवात २एसवर करा. गाडी हातात बसेपर्यंत तेवढा वेग भरपूर होतो.

बॅटरी किती करंट देऊ शकते याचा हिशेब: क्षमता अँपिअर-तासात, गुणिले सी रेटिंग, म्हणजे बॅटरीवर सी च्या आधी छापलेला आकडा. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. ३०सी असेल तर ५ गुणिले ३०, म्हणजे १५० अँपिअर. पण स्टिकरवरचे सी आकडे फार उदार असतात. मी ते अर्धे धरूनच हिशेब करतो आणि तुम्हीही तसंच करा. अशक्त बॅटरी भाराखाली कोसळते, व्होल्टेज खाली जातं, ईएससीला वाटतं बॅटरी संपली, आणि गाडी भर मैदानात ढकलत-ढकलत चालायला लागते. दोष मग ईएससीला दिला जातो.

आता ईएससी

ईएससीच्या डब्यावर चार गोष्टी वाचायच्या. पहिली, किती सेल. २-३एस लिहिलं असेल तर ४एस कधीच नाही, एका सेकंदासाठीही नाही. अँपिअरमध्ये थोडी सूट मिळते, कारण तिथे तापायला वेळ लागतो. व्होल्टेजमध्ये सूट नाही, मॉसफेट आणि कपॅसिटर जागीच जातात.

दुसरी, सतत चालणारा करंट. दोन आकडे असतात: एक ४५, ६०, ८०, १२०, १५० असा, आणि दुसरा क्षणभराचा, कित्येक पट मोठा. जाहिरातीत मोठा आकडा पुढे असतो, आपण लहान आकडा धरायचा. दोन किलोच्या आतल्या १/१० टू-व्हील-ड्राइव्हला २एसवर ६० अँपिअर पुरतो. हॉबीविंगचा क्विकरन १०बीएल६० हा त्या वर्गातला सर्वत्र मिळणारा ईएससी. जड १/१० ट्रकला ८० ते १२०. १/८ बग्गीला ४एसवर १५०.

तिसरी, मोटरची मर्यादा. माहितीपत्रकात २एसवर अमुक केव्हीपर्यंत, ३एसवर तमुक केव्हीपर्यंत असं दिलेलं असतं, किंवा केव्हीऐवजी टर्न, म्हणजे टी. टी म्हणजे गुंडाळीचे वेढे. वेढे कमी तर केव्ही जास्त. १७.५टी मोटर संथ, ८.५टी तिखट. दोन पोल आणि चार पोलच्या (पोल म्हणजे चुंबकाचे ध्रुव) मोटरींची तुलना मात्र टीवरून करू नका, तिथे केव्हीच बघा.

चौथी, बीईसी. ईएससीतल्या या भागातून रिसिव्हरला (रिमोटचा इशारा घेणाऱ्या डबीला) आणि सर्व्होला (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरीला) वीज जाते, साधारण ६ व्होल्टवर. तीन अँपिअरचा बीईसी साध्या सर्व्होला पुरतो. जोरकस मेटल गिअर सर्व्हो लावला तर वळताना तो बीईसीला खाली ओढतो, रिसिव्हर क्षणभर बंद पडतो, आणि माणसाला वाटतं रेडिओची रेंज कमी आहे.

आता केव्ही, आणि खरं गणित

केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला किती फेरे. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर ३३०० गुणिले ७.४, म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे. एवढंच. केव्ही म्हणजे ताकद नव्हे.

आता ही जोडी बघा. ३३०० केव्ही २एसवर: २४,४२० फेरे. २२०० केव्ही ३एसवर, म्हणजे २२०० गुणिले ११.१: तेही २४,४२०. गिअर तोच ठेवला तर दोन्ही गाड्या एकाच वेगाने पळतील. पण पहिलीला ४४४ वॅट लागले तर ती ७.४ व्होल्टवर ६० अँपिअर ओढते, दुसरी तेवढ्याच ४४४ वॅटसाठी ११.१ व्होल्टवर ४० अँपिअर. तारा, कनेक्टर आणि ईएससीच्या मॉसफेटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ६० चा वर्ग ३६००, ४० चा १६००. म्हणजे तोच वेग, तेच काम, आणि तिथली उष्णता निम्म्याहून कमी. ज्या गाडीत ३एस बॅटरी बसते आणि गिअर तेवढं सोसतात, तिच्यासाठी मी नेहमी कमी केव्ही आणि एक सेल जास्त असाच सल्ला देतो. नुसत्या २एसवर वेग काढायला ५०००-६००० केव्हीची मोटर घेणारे लोक बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण ती गाडी आपल्या उन्हात पाच मिनिटांत थकते.

वेगाचा हिशेब करायला आणखी दोन आकडे लागतात: गिअरचं एकूण प्रमाण आणि चाकाचा व्यास. एकूण प्रमाण म्हणजे स्परचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे) दात, गुणिले गाडीच्या डिफरन्शियलचं आतलं प्रमाण. ते माहितीपुस्तिकेत असतं. नसेल तर स्पर हाताने फिरवा, एक चाक धरून ठेवा आणि दुसरं मोजा. स्परच्या फेऱ्यांना त्या चाकाच्या फेऱ्यांनी भागा आणि उत्तराची दुप्पट करा, कारण एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट फिरतं. समजा स्पर ५४, पिनियन १८, म्हणजे ३. आतलं प्रमाण २.८. एकूण ८.४. म्हणजे मोटर ८.४ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. २४,४२० भागिले ८.४ म्हणजे २९०७. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर परीघ ०.३१४ मीटर. २९०७ गुणिले ०.३१४ गुणिले ६०, भागिले १०००: ताशी सुमारे ५५ किलोमीटर. प्रत्यक्षात मोटर भाराखाली थोडी बसते, हवा अडवते, म्हणून ४५ च्या आसपास धरा. तीच मोटर तशीच ठेवून ३एस लावली तर कागदावर ८२ येतात, आणि करंटही तसाच चढतो. २एससाठी जमवलेला पिनियन ३एसवर तसाच ठेवायचा नाही, दोन-तीन दात उतरवायचे.

एक मर्यादा लक्षात असू द्या. ५४० मापाच्या मोटरीला ५०,००० फेऱ्यांच्या पुढे नेऊ नये. पूर्ण भरलेल्या ३एसला १२.६ व्होल्ट असतात. ३३०० केव्ही त्यावर ४१,५८० ला जाते, चालेल. ४६०० केव्ही जवळजवळ ५८,००० ला जाते, नको.

पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी माझी निवड अशी. हलकी १/१० टू-व्हील-ड्राइव्ह, २एस: ३६५० मापात ३००० ते ३५०० केव्ही, ६० अँपिअर. जड १/१० ट्रक, ३एस: ३६६० किंवा त्याहून लांब, २२०० ते २६०० केव्ही, १०० अँपिअरच्या आसपास. १/८ बग्गी, ४एस: २००० ते २२०० केव्ही, १५० अँपिअर. मोटर आणि ईएससी एकाच कंपनीचा जोडसंच मिळत असेल तर पहिल्या खेपेला तोच घ्या, अर्धं गणित त्यांनी केलेलं असतं. गिअरचं गणित मात्र तुमचंच राहतं.

सेन्सर हवा की नको

सेन्सरवाल्या मोटरीला तीन जाड तारांशिवाय सहा पिनांची एक बारीक केबल असते. तिच्यावरून ईएससीला चुंबक नेमका कुठे आहे ते कळतं, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलाने सुद्धा अडखळल्याशिवाय सुटते. बिनसेन्सरची मोटर सुरुवातीला थोडी कचकचते, वेग आला की फरक उरत नाही. मोकळ्या मैदानात उधळायची बग्गी असेल तर बिनसेन्सरची घ्या: स्वस्त, आणि धूळ-पाण्याला जास्त टिकणारी. जांबोटीकडच्या जांभ्या दगडावर चढवायची क्रॉलर असेल तर सेन्सरला पर्याय नाही, कारण तिचं सगळं काम पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच असतं.

जोडणी

बिनसेन्सरच्या मोटरीच्या तीन तारा कोणत्याही क्रमाने लावा. गाडी उलटी गेली तर कोणत्याही दोन अदलाबदल करा, झालं. सेन्सरवाल्यात असं करायचं नाही. तिथे ए ला ए, बी ला बी, सी ला सी, आणि दिशा बदलायची तर ईएससीच्या सेटिंगमधून. तिथे तारा उलटसुलट झाल्या तर सेन्सर एक सांगतो आणि गुंडाळी दुसरंच करते, मोटर थरथरते आणि तापते.

बॅटरीच्या बाजूला लाल-काळं एकदा नव्हे, दोनदा बघा. उलटं लागलं तर बहुतेक ईएससी तिथेच संपतात आणि ते वॉरंटीत बसत नाही. १/१० ला एक्सटी६० कनेक्टर पुरतो, १/८ ला एक्सटी९०. सोल्डरिंगला २५ वॅटचं रेडिओ दुरुस्तीचं आयर्न चालत नाही. १२-१४ गेजची तार ती उष्णता पिऊन टाकते आणि सांधा वरून चिकटल्यासारखा दिसून आतून कोरडा राहतो. ६० वॅटचं किंवा त्याहून मोठं आयर्न हवं. आधी तारेला आणि कनेक्टरला वेगवेगळं सोल्डर पाजा, मग दोन्ही एकत्र तापवा, आणि गोठेपर्यंत हात हलवू नका. वर श्रिंक स्लीव्ह. हात बसलेला नसेल तर पॅनेल वायरिंग करणाऱ्याकडून करून घ्या, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

मोटरच्या तारा लांब वाटल्या म्हणून कापण्याआधी थांबा. काही मोटरींत ती तार म्हणजे आतल्या गुंडाळीचंच टोक असतं. कापलं की उरलेल्या भागावर इनॅमल असतं, त्याला सोल्डर धरत नाही.

आता सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त मोटरी मारणारी गोष्ट: मोटर बसवायच्या स्क्रूची लांबी. एम३ चा स्क्रू गरजेपेक्षा दोन मिलिमीटर लांब असला तरी आत जाऊन गुंडाळीला टेकू शकतो. वीज दिली की शॉर्ट, आणि मोटरबरोबर ईएससीही. माउंटच्या पत्र्याची जाडी मोजा, मोटरच्या पुढच्या टोपीत किती खोल जागा आहे ते काडी घालून बघा, त्याप्रमाणे स्क्रू निवडा. स्क्रू हाताने आत जाताना मध्येच टणक लागला तर जोर देऊ नका.

हे काम वर्कशॉपच्या टेबलावर करू नका. बेळगावात फाउंड्री आणि लेथ घरोघरच्या माणसांच्या कामाचा भाग आहेत, आणि तिथल्या टेबलावर बीडाची बारीक भुकटी असतेच. मोटरमधल्या चुंबकाने ती आत ओढली की काढता काढता जीव जातो. घरात, स्वच्छ पांढऱ्या कापडावर उघडा. लेथवाल्या मित्राचा उपयोग दुसरीकडे करा: ३६ च्या जागी ४० मिलिमीटरची मोटर बसवायला अॅल्युमिनियमचा माउंट तो तुम्हाला मापात काढून देईल.

पिनियन घट्ट करताना त्याचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर आणा आणि थेंबभर निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. पिनियन आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या दिसाव्यात, ती फाटू नये. नंतर स्पर किंचित मागे-पुढे हलला पाहिजे, आणि तो पूर्ण एक फेरा सगळीकडे सारखाच हलतो ना तेही बघा.

कॅलिब्रेशन आणि सेटिंग

चाकं जमिनीवरून उचला, गाडी डब्यावर ठेवा. रिमोटचा थ्रॉटल ट्रिम (मधल्या जागेची बारीक जुळवणी) शून्यावर, दोन्ही बाजूंचा प्रवास १०० टक्के. नेहमी रिमोट आधी चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. कॅलिब्रेशनमध्ये ईएससीला तीन जागा शिकवायच्या: मधली, पूर्ण पुढे, पूर्ण ब्रेक. बटण कधी दाबायचं आणि कोणत्या क्रमाने हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, पुस्तिका उघडून करा. कॅलिब्रेशन नीट होत नसेल, पुढे ढकलल्यावर ब्रेक लागत असेल, तर रिमोटमध्ये थ्रॉटलची दिशा उलटी करून पुन्हा सुरुवात करा.

सेटिंगमध्ये सगळ्यात आधी बॅटरीचा प्रकार लायपो करा आणि कट-ऑफ, म्हणजे जिथे ईएससी बॅटरी संपली असं धरतो तो आकडा, सेलमागे ३.२ ते ३.४ व्होल्टच्या दरम्यान ठेवा. ईएससीने निकल बॅटरी समजून लायपो रिकामी केली तर ती फुगते. पंच, म्हणजे सुटतानाचा झटका, सुरुवातीला मध्यमपेक्षा कमी. टायमिंग हात न लावता. रिसिव्हरला फेलसेफ असेल तर रिमोट बंद झाल्यावर गाडी ब्रेकवर जाईल असं लावा, आणि चाकं वर असतानाच रिमोट बंद करून ते खरंच होतं का ते तपासा. दोन किलोचं धूड ताशी ४५ ने कोणाच्या पायावर गेलं तर हाड मोडतं. रस्त्यावर, आणि पोरं खेळत असलेल्या मैदानात, गाडी पळवू नका.

पहिली धाव

लहान पिनियनने सुरुवात करा, पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा एक-दोन दात कमी. तीन मिनिटं चालवा, थांबवा, मोटर, ईएससी आणि बॅटरी तिन्हींचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर उत्तम. नसेल तर मोटरला बोट टेकवा. तीन-चार सेकंद ठेवता येत नसेल तर ती साधारण ६० अंशांच्या वर आहे. मोटर ८० अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवी. १०० च्या वर गेली की चुंबकाची ताकद कायमची कमी होऊ शकते. आणि चुंबक कमजोर झाला की केव्ही वाढतो, मोटर आणखी करंट ओढते, आणखी तापते. एकदा भाजलेली मोटर म्हणूनच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. बॅटरी ६० च्या आत. बहुतेक ईएससी १०० च्या पुढे गेले की स्वतःच बंद पडतात, पण तोवर वाट बघायची नसते.

सगळं थंड निघालं तर पिनियन एक दात वाढवा आणि पुन्हा तीन मिनिटं. १८ वरून १९ केल्यावर वेग साडेपाच टक्क्यांनी वाढतो. असं करत मोटर ७० च्या आसपास स्थिरावली की थांबा. हा शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवा: तारीख, बॅटरी, पिनियन, जमीन, तापमान.

जमीन हा शब्द मुद्दाम घातला. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, संध्याकाळची हवा गार. तिथे जमलेला पिनियन मे महिन्यात अथणी किंवा गोकाकच्या उन्हात जमेलच असं नाही, एक दात कमी करून बघा. लांब गवत हा सगळ्यात वाईट भार, घट्ट मातीवर ६० अंशांवर राहणारी मोटर तिथे सहज ८० ओलांडते. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भातकापणीनंतर मोकळी पडलेली रानं गाडीला छान, पण पेंढ्याचा काड ड्राइव्ह शाफ्टला गुंडाळतो आणि मोटर गुपचूप तापत राहते. दर दहा मिनिटांनी गाडी उलटी करून काडी काढा. खानापूरकडची तांबडी धूळ बारीक, बेअरिंगमध्ये शिरते. मातीत चुंबक फिरवून बघा, त्याला काळी बारीक भुकटी चिकटते, तीच मोटरमध्येही जाते. बिनसेन्सरची बंद तोंडाची मोटर तिथे बरी.

चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी नेऊच नका. चाकाला ढेकूळ चिकटून चाक दुप्पट जड होतं, आणि सगळं गणित कोलमडतं. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तर विचारायलाच नको. ईएससीवर वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी भिजल्यावर बॅटरी काढा, कनेक्टर कोरडे करा, मोटरमध्ये हवा मारा आणि दोन्ही बेअरिंगना हलक्या तेलाचा एक-एक थेंब द्या. पाणी ब्रशलेसला मारत नाही, गंजलेलं बेअरिंग मारतं.

चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, १सी ने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, आणि माणूस जवळ असतानाच. घरात लहान मुलं असतात, फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका. आठवडाभर गाडी चालणार नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

अडलं तर

"गाडी नुसती थरथरूलालीय, पुढं जाईना" असा फोन आला की मी आधी तीन जाड तारा एकेक हलवून बघायला सांगतो. एक फेज सुटलेला असतो, बहुधा कोरड्या सोल्डरमुळे. तारा ठीक असतील आणि मोटर सेन्सरवाली असेल तर बारीक केबल आणि ए-बी-सी तपासा. थ्रॉटल अर्धवट सोडून पुन्हा प्रयत्न करत राहू नका, तेवढ्यात मोटर भाजते.

वेग घेताना गाडी अडखळत असेल तर बॅटरी भाराखाली बसते आहे: दुसऱ्या, ताज्या बॅटरीवर चालवून बघा. वळताना वीज जात असेल तर बीईसी. मोटर थंड पण ईएससी गरम असेल तर ईएससी लहान पडतोय, किंवा त्याचा पंखा बंद आहे. दोन्ही गरम असतील तर गिअर उंच आहे. काही मिनिटं चालून गाडी आपोआप थांबते आणि गार झाल्यावर पुन्हा चालते, तेव्हा ईएससी स्वतःला वाचवतोय. गार होण्याची वाट बघून पुन्हा पळवण्याऐवजी गाडी घरी न्या, पिनियन दोन दात उतरवा, चाकं हाताने मोकळी फिरतात का बघा, आणि मग पुन्हा तीन मिनिटांपासून सुरुवात करा.